पावसाळ्यात ठेवलेली बॅटरी आणि ऑगस्टची उधारी

आमचा धंदा कापडाचा. बॅटरीवर लिहिण्याचा आम्हांस काय अधिकार, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर आमच्या उधारीच्या वहीत आहे. आंजर्ले, आडखळ, हर्णै, पाजपंढरी या पट्ट्यातील नाखवे आणि खलाशी हे आमचे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत घरात पैसा येत नाही, मुलांच्या शाळेचे कपडे उधारीवर जातात, आणि होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की ती उधारी हळूहळू फिटते. हा रिवाज दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण गेली काही वर्षे एक गोष्ट आमच्या नजरेस येत आहे. ऑगस्टअखेर वसुलीस जावे तर उत्तर मिळते, "शेठ, यंदा जरा थांबा. दोन्ही बॅटऱ्या बसल्या, नव्या घ्याव्या लागल्या." पुढल्या वर्षी तेच उत्तर, फक्त नाखवा वेगळा. म्हणजे मोसमाची पहिली कमाई बॅटरीवाल्याकडे जाते आणि कापडवाला दिवाळीपर्यंत वाट पाहतो. तेव्हा या विषयात आमचा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

आम्ही एका वयस्क नाखव्यास विचारले, "चाचा, नऊ महिने खाऱ्या पाण्यात, धक्के खात, रात्रभर दिवे जाळत ही बॅटरी चालते. मग तीन महिने घराच्या कोपऱ्यात नुसती बसून ती मरते कशी?" ते हसून म्हणाले, "बसून राहिलेला माणूस तरी कुठे धड राहतो?" उत्तर विनोदाचे होते, पण त्यात शास्त्रही होते. बॅटरी ठेवली म्हणजे ती थांबली, हीच आपली मूळ चूक आहे.

कापडाचा व्यापारी हे लवकर समजू शकतो. गोदामात ठाण रचून ठेवले की माल सुरक्षित राहिला असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात दमट हवेत त्यावर बुरशीचे डाग पडतात, कसर लागते, आणि एकाच घडीवर वर्षभर राहिलेली रेशमी साडी त्याच घडीवर चिरते. म्हणून जुने व्यापारी पावसाळ्यात माल उघडतात, घडी बदलतात, वारा देतात. ठेवलेल्या मालालाही काम असते. बॅटरीचेही तसेच आहे.

ज्या बॅटरीविषयी आपण बोलत आहोत ती शिशाच्या प्लेटा आणि पातळ गंधकाम्ल यांची. फ्रान्सच्या गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये ती बनवली आणि आजही होडीचे इंजिन, ट्रक, इन्व्हर्टर बहुतांशी तिच्यावरच चालतात. बॅटरी वापरली की दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिसे-सल्फेटचा बारीक थर धरतो आणि आतले ॲसिड पाण्याकडे झुकत जाते. चार्ज केले की थर विरघळतो आणि ॲसिड पुन्हा कसदार होते. येथवर सर्व ठीक. परंतु उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर त्या बारीक थराचे मोठे, कडक खडे बनतात. मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. गॅरेजवाले याला "बॅटरीने सल्फेट धरले" म्हणतात. तेवढी प्लेट कामातून गेली. चार्जरला लावले तर बॅटरी लवकर भरल्यासारखी दाखवते, आणि सेल्फ मारला की "कट्" असा आवाज करून गप्प बसते.

शिवाय कोणतेही दिवे न लावता बॅटरी आपोआपही उतरत असते. चांगली बॅटरी साधारण हवेत महिन्याला तीन ते पाच टक्के उतरते, जुन्या पद्धतीच्या प्लेटांची किंवा झिजलेली त्याहून बरीच अधिक. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी माजघरातल्या बॅटरीपेक्षा लवकर रिकामी होणार. त्यात आपल्याकडील खारी दमट हवा. बॅटरीच्या डोक्यावर मीठ, धूळ, सांडलेले ॲसिड यांचा ओलसर थर असेल तर दोन टर्मिनलांच्या मध्ये त्या थरातूनच विजेची बारीक गळती सुरू राहते.

आता आपल्या होडीचा हिशेब पाहा. मेअखेरची शेवटची खेप आटोपते, होडी खाडीत आणून किनाऱ्यावर ओढली जाते, शाकारली जाते. जाळी, दोर, इंजिनाचे सुटे भाग घरी येतात. बॅटरीही येते, पण ती शेवटच्या रात्रीच्या दिव्यांनी, वायरलेसने आणि मासे शोधण्याच्या यंत्राने निम्मी उतरलेली असते. ती तशीच पडवीत जाते. नियम ६१ दिवसांचा असला तरी आधीची आवराआवर आणि नंतर समुद्र निवळण्याची वाट धरली तर अडीच-तीन महिने सहज जातात. निम्म्यावर ठेवलेली बॅटरी ऑगस्टमध्ये चतुर्थांशावर येते, आणि जी शक्ती कमी झाली तिच्यातील काही भाग कायमचा गेलेला असतो.

येथे प्रश्न फक्त पैशाचा नाही. जोग नदीच्या खाडीचे मुख ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. हर्णै बंदरातील होड्याही वादळात याच खाडीचा आसरा घेतात, आणि मुखाशी साचलेल्या गाळावर होड्या अडकल्याचे, उलटल्याचे प्रकार अनेकदा घडले आहेत. त्या जागी लाटांच्या मध्ये इंजिन बंद पडले आणि दुसऱ्यांदा सुरू झाले नाही, तर होडीवरच्या माणसांचे काय होईल? किनाऱ्यावर दहा वेळा सेल्फ मारून, धक्क्यावरच्या दुसऱ्या बॅटरीची तार जोडून कसेबसे सुरू केलेले इंजिन घेऊन जे निघतात, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की असे करू नका. नाखव्याच्या भरवशावर खलाशी होडीत चढतात. त्यांचा जीव ही नाखव्याकडची अमानत आहे.

दुसऱ्याला दोष देण्याआधी आमची स्वतःची गफलत सांगतो. २०२० साली मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि दुकान बंद झाले. निघताना आम्ही मोठ्या शहाणपणाने मेन स्विच बंद केला. इन्व्हर्टर मात्र चालूच राहिला. मेन बंद, म्हणजे इन्व्हर्टरला वाटले वीज गेली, आणि आतला एक पंखा व दोन दिवे त्याने इमानाने चालवून बॅटरी तळाला नेली. ती तशीच दोन महिने पडून. दारात उभ्या टेम्पोचीही तीच गत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कित्येक गावांत अनेक दिवस अंधार होता. दुकानाची बॅटरी घरी आणून निदान मोबाइल आणि एक दिवा तरी चालवू, असा विचार करून आम्ही ती उचलून आणली. तिच्यात एक बल्ब पेटविण्याचीही ताकद नव्हती. नात्यातले लोक मुंबईहून आणि आखातातून फोन लावत होते, आणि घरात एकही फोन चालू नव्हता.

पुढे आम्ही बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराशी भांडायला गेलो. त्याने वॉरंटीचा कागद पुढे केला. पूर्ण उतरवून ठेवलेल्या बॅटरीची जबाबदारी कंपनीवर नाही, असे बारीक अक्षरांत छापलेले होते. कागदाच्या दृष्टीने तो बरोबर होता. परंतु विकताना हे त्याने तोंडाने सांगितले असते तर? आम्ही सुती कापड विकतो तेव्हा धुतल्यावर किती आटेल ते सांगतो. न सांगता विकलेला माल त्या दिवशी विकला जातो, गिऱ्हाईक मात्र जाते.

आता करावयाचे काय ते सांगतो. हे आम्ही एका जाणत्या वायरमनकडून शिकलो आणि तीन-चार पावसाळे करून पाहिले आहे.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्हची तार सोडावी, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम. वरचा भाग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसावा, बुचे घट्ट असावीत, सोडा आत जाऊ देऊ नये. पांढरा-हिरवा खार खरवडून कोरडे करावे आणि टर्मिनलांना पेट्रोलियम जेली लावावी. हातमोजे आणि चष्मा घालावा. जुने कपडे घालावेत हेही कापडवाला म्हणून सांगतो: ॲसिडचा शिंतोडा सुती कपड्यावर पडला तर त्या वेळी काहीच दिसत नाही, पुढल्या धुण्यात तेथे भोक पडते, आणि गिऱ्हाईक म्हणते शेठने माल कच्चा दिला.

मग ठेवण्याआधी पूर्ण चार्ज. ही एक गोष्ट केली तरी निम्मे काम झाले. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्ज करण्याआधी त्या बुडतील एवढेच पाणी घालावे, बाकी खुणेपर्यंतचे पाणी चार्ज झाल्यावर. पाणी बॅटरीचेच, म्हणजे डिस्टिल्ड. विहिरीचे, नळाचे किंवा बाटलीतले पिण्याचे चालत नाही, कारण त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. आणि ॲसिड तर कधीच घालू नये. पाणी उडते, ॲसिड उडत नाही. "दोन थेंब ॲसिड टाका, बॅटरी जिवंत होते" असे सांगणारे लोक बाजारात आहेत. त्याने ग्रॅव्हिटी वाढलेली दिसते आणि प्लेटा लवकर खलास होतात.

भरलेली बॅटरी काही तास शांत ठेवून मल्टीमीटर लावावा. १२ व्होल्टची चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे चतुर्थांश. आपल्याकडे बारा दाखवले की "बारा व्होल्ट आहेत, बॅटरी फुल आहे" असे समजतात. हा गैरसमज आम्ही सुशिक्षित माणसांतही पाहिला आहे. बारावर आलेली बॅटरी जवळजवळ रिकामी असते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, जुनी असेल तर पंधरा दिवसांनी तपासावे, आणि १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये. मोठ्या इंजिनाला २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या लागतात. त्या ठेवताना सुट्या कराव्यात, प्रत्येक वेगळी तपासावी व वेगळी चार्ज करावी, आणि जोडी ओळखू येईल अशी खूण करावी. एक नवी, एक जुनी अशी जोडी केली की जुनी नवीलाही खाली ओढते.

चार्जरबद्दल सावध राहावे. साधा चार्जर लावून विसरले तर तो पाणी उकळवून प्लेटा उघड्या पाडतो. भरल्यावर आपोआप १३.५ ते १३.८ व्होल्टवर येणारा चार्जर मिळतो, तोच घ्यावा. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. म्हणून निजायच्या खोलीत किंवा चुलीजवळ चार्जिंग नको, आणि बॅटरीवर वाकून बिडी ओढणाऱ्यास तर तेथून उठवावेच.

बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असे आमच्या वडिलांच्या काळापासून ऐकत आलो. तेव्हाच्या रबर आणि लाकडी खोक्यांच्या बाबतीत त्यात तथ्य होते. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यांना जमिनीने काही होत नाही. फळीवर ठेवावी ती ओलीपासून दूर राहावी आणि तपासायला सोपी जावी म्हणून.

बंद घरांचाही प्रश्न आहे. आपल्या पट्ट्यात अशी कितीतरी घरे आहेत की माणसे मुंबईत किंवा आखातात आणि घरात इन्व्हर्टर, दारात गाडी. आजची मोटार बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि कुलपाची यंत्रणा थोडी वीज खात असते. ३० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तास. पंचेचाळीसची बॅटरी दोन महिन्यांत तळाला. शेजारच्या मुलाला "आठवड्याला पाच मिनिटे गाडी चालू कर" म्हणून सांगून जाण्याची पद्धत आहे. पाच मिनिटांत बॅटरी पुरती भरत नाही आणि थंड इंजिनात ओल मात्र साचते. त्यापेक्षा भरलेल्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून जावे. इन्व्हर्टरच्या बाबतीत आधी इन्व्हर्टर बंद, मग तारा सुट्या, आणि किल्लीसोबत शेजाऱ्याकडे बॅटरीचीही जबाबदारी द्यावी.

अमेरिका-कॅनडात मोटारीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या खोल्या असतात. सुट्टीत वापरायच्या आणि हिवाळाभर उभ्या ठेवायच्या. तेथील माणसे हिवाळ्याआधी त्यांची बॅटरी काढून घरात आणतात किंवा भरून ठेवतात, कारण उतरलेल्या बॅटरीत ॲसिड कमी आणि पाणी जास्त, ती उणे सात-आठ अंशांवरच गोठून फुटते. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून बॅटरी डोळ्यांसमोर फुटत नाही, आतल्या आत मरते आणि आपण कंपनीला शिव्या देतो.

नव्या लिथियम बॅटरीचा नियम मात्र वेगळा आहे. विजेवरची स्कूटर दोन-तीन महिने ठेवायची असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरून थंड जागी ठेवावी. काठोकाठ भरून ठेवणे तिला मानवत नाही, पूर्ण रिकामी ठेवणे त्याहून नाही. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावू नये.

आता खर्चाकडे या. दीडशे अँपिअर-तासांची निम्मी उतरलेली बॅटरी भरायला दीड युनिटच्या आसपास वीज लागते. जोडीला तीन युनिट. पावसाळ्यातील अधूनमधूनची भर धरली तरी सारे मिळून पाच-सहा युनिट. समोर नव्या जोडीचे हजारो रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा आनंद आहे. पण जी बॅटरी आणखी दोन वर्षे चालली असती ती स्वस्त करात पुन्हा विकत घेणे ही काही बचत नव्हे.

काही व्यापारी बंधू म्हणतील, बॅटरी टिकली तर बॅटरीवाल्याने खायचे काय? आम्ही म्हणतो, त्याने चार्जिंगचे खावे. मे महिन्यात प्रत्येक होडीची जोडी ताब्यात घ्यावी, पावती द्यावी, तीन महिने सांभाळावी, ऑगस्टमध्ये भरलेली आणि तपासलेली परत द्यावी, आणि त्याचे रास्त पैसे घ्यावेत. ज्या मच्छीमार सोसायट्या डिझेल आणि बर्फाची सोय करतात त्यांनाही हे अवघड नाही. एक हवेशीर खोली, लाकडी फळ्या, चार चांगले चार्जर, एक मल्टीमीटर आणि आयटीआय झालेला एक मुलगा. पावसाळ्यात त्या मुलालाही काम मिळेल. आज आपला तरुण तीन महिने नाक्यावर बसतो आणि बॅटरी पडवीत बसते.

जी बॅटरी खरोखरच गेली ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. आतले शिसे विषारी आहे. ॲसिड खाडीत ओतून खोके फोडण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत, आणि त्याच खाडीतले मासे आपण खातो. २००१ पासून यासाठी कायद्याने नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने झाले. जुनी बॅटरी परत घेऊन तिची योग्य वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. एक मात्र पाहावे, सल्फेट धरलेली प्रत्येक बॅटरी मेलेली नसते. मंद प्रवाहावर दीर्घकाळ चार्ज केल्यास काही परत येतात. भंगारात देण्याआधी तेवढी संधी तिला द्यावी.

सोसायटी जागी होईपर्यंत आम्ही आमच्यापुरते केले आहे. दुकानाच्या मागच्या पडवीत पूर्वी ठाणांसाठी होती ती फळी रिकामी केली, खिडकीची जाळी मोठी केली, दोन स्वयंचलित चार्जर आणले. आमच्या गिऱ्हाइकांपैकी पाच होड्यांची जागा आहे. विजेचे पैसे मीटरप्रमाणे, ठेवण्याचे काही नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणावी, खोक्यावर होडीचे नाव आणि जोडीची खूण रंगाने लिहून आणावी, आणि आणताना सुती सदरा घालू नये.